आईला सुई दिसली तरी चक्कर येते, घरी शुगर कशी तपासू?

मंजिरी_सोलापूर
कुणीतरी लवकर सांगा. मशीन आणून आठ दिवस झाले, पट्ट्या चारच वापरल्या, त्यातल्या दोन वाया गेल्या. बोट धरलं की आई हात ओढून घेते, घामाने भिजते. परवा तर खुर्चीतच मान टाकली. सोमवारी डॉक्टरांना आठवड्याचे आकडे दाखवायचेत. न टोचता तपासता येतं का? ऑनलाइन एक घड्याळ दिसलं, शुगर दाखवतं म्हणे. मागवू का?

सातरस्ता
घड्याळ अजिबात मागवू नका. अमेरिकेच्या एफडीएने फेब्रुवारी 2024 मध्येच इशारा दिलाय की न टोचता स्वतः शुगर मोजणारं एकही घड्याळ किंवा अंगठी त्यांनी मंजूर केलेली नाही. त्या आकड्यावर विसंबून गोळी घेतली तर जिवावर बेतेल. आईंचं वय काय? गोळ्या की इन्सुलिन? हे सांगितल्याशिवाय कोण काय सांगणार?

होटगीरोड_काका
आमच्या वडिलांची शुगर वर्षानुवर्षं लघवीच्या पट्टीवर बघितली. टोचणं नाही, रक्त नाही. मेडिकलमध्ये विचारा की.

लॅबवाली
काका, साधारणपणे रक्तात शुगर 180 च्या वर गेली की मगच ती लघवीत उतरते. 110 आहे की 60, हे त्या पट्टीला कळतच नाही. खाली गेलेली शुगर तर कधीच दिसणार नाही.

होटगीरोड_काका
वडील 84 वर्षं जगले, एवढं सांगतो.

ज्वारीवाला
मूळ कारण बघा. चपाती आणि भात बंद, दोन्ही वेळेला कडक भाकरी आणि शेंगाची चटणी. मी तीन महिन्यांत फरक पाहिलाय. मोजत बसून शुगर कमी होत नाही.

सातरस्ता
ज्वारीतही पिष्ट आहेच ओ. तीन भाकरी खाल्ल्या तर शुगर वाढणारच. आणि ताईंनी आहार विचारलेलाच नाही.

मंजिरी_सोलापूर
वय 61. इन्सुलिन नाही, मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड. बीपीची गोळी पण आहे. सकाळी अकराच्या सुमाराला हात थरथरतात, घाम येतो, पण ते टोचण्याच्या धास्तीनेच असणार. टोचायचं काय ते सांगा ना, दिवस जायलेत.

लॅबवाली
ताई, हे आधी सांगायला हवं होतं! अकराला तुम्ही टोचता का? नसाल तर ती धास्ती कशी? ग्लिमेपिराइडने शुगर खाली जाऊ शकते, जेवायला उशीर झाला तर जास्तच. थरथर सुरू झाली की लगेच तपासा. 70 च्या खाली आली, किंवा तपासताच आलं नाही, तरी तीन-चार चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या, 15 मिनिटांनी पुन्हा बघा. शुद्ध हरपली तर तोंडात काही घालू नका, थेट दवाखाना. आणि सोमवारची वाट बघू नका, आजच डॉक्टरांना फोन करा.

आता टोचण्याचं. हात कोमट पाण्याने धुऊन पूर्ण कोरडे करा, बोटाला फळाचा रस लागलेला असला तरी आकडा फुगतो. टोचायच्या पेनाची खोली सगळ्यात कमी आकड्यावर ठेवा. बोटाच्या मधोमध नको, कडेला टोचा, तिथे कमी दुखतं. हात खाली सोडून बोट मुळापासून हलकं चोळा. सुई दर वेळी नवीन, बोथट सुईच जास्त दुखते.

चाटीगल्ली_मधू
मलाही अशीच चक्कर यायची. रक्त बघून काहींचं बीपी एकदम पडतं, त्यात मनाचा दुबळेपणा नाही. मला शिकवलेलं: हातपाय आणि पोट 10-15 सेकंद घट्ट आवळायचं, सैल सोडायचं, असं पाच वेळा, मग टोचायचं. आईंना बीपी आहे, तर आधी डॉक्टरांना विचारा. तोवर आडवं झोपवून टोचा, पेन त्यांना दाखवू नका.

सातरस्ता
दंडावरचा सेन्सर का नाही कुणी सुचवत? एकदा लावला की 14 दिवस चालतो, मोबाईल धरला की आकडा.

लॅबवाली
चांगला आहे, पण लावताना एकदा सुई लागतेच आणि खर्च मोठा. शिवाय तो पेशींभोवतीच्या द्रवातली शुगर मोजतो, त्यामुळे रक्ताच्या थोडा मागे चालतो. थरथरत असताना सेन्सर चांगला आकडा दाखवत असेल तरी बोटावरच खात्री करायची.

ज्वारीवाला
आईंच्या पायाला भेगा आहेत का? रोज तळवे बघा.

मंजिरी_सोलापूर
आज 10:50 ला थरथर सुरू झाली. आईला झोपवलं, तोंड भिंतीकडे, करंगळीशेजारच्या बोटाला कडेने टोचलं. 62! साखरपाणी दिलं, 15 मिनिटांनी 91. मी आठ दिवस तिला "घाबरू नको" म्हणत होते आणि तिची शुगर खाली जात होती. डॉक्टरांना फोन केला, संध्याकाळी पाचला बोलावलंय. आई विचारायलीय, टोचून झालं का.

लॅबवाली
पाचला जाताना मशीन सोबत घ्या, त्यात आकडे साठलेले असतात. आणि पट्टीची डबी उन्हात ठेवू नका, झाकण लगेच बंद करा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात खराब होतात.