घरच्या गुळाची स्टाउट (काळी बिअर) तुरट झाली, चूक कुठं?

ओतशाळेवाली
मी शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीत मेटॅलर्जिस्ट. कंपनीनं दोन वर्षांसाठी शेफील्डला पाठवलंय, सध्या सुट्टीवर कोल्हापुरात आहे. इंग्लंडमध्ये स्वतःपुरती बिअर घरी करायला 1963 पासून परवाना लागत नाही, म्हणून तिकडं शिकले. माझी पद्धत सोपी: मॉल्ट एक्स्ट्रॅक्टची, म्हणजे मोड आणलेल्या सातूच्या अर्काची पावडर, आणि रंग-चवीसाठी थोडी धान्यं पुरचुंडीत बांधून भिजवायची.

मागची स्टाउट 20 लिटरची. हलक्या रंगाची पावडर 2.5 किलो, रोस्टेड बार्ली 250 ग्रॅम, क्रिस्टल मॉल्ट 250, ओट्स 200, आणि कागलजवळच्या आमच्या गुऱ्हाळाचा गूळ अर्धा किलो. ईस्ट केंट गोल्डिंग्ज हॉप्स (कडूपणा देणारी फुलं) 50 ग्रॅम, तासभर उकळले. यीस्ट 19 अंशांवर ठेवलं. पुरचुंडी 10 लिटर गार पाण्यात सोडून गॅस लावला, उकळी फुटल्यावर पाच-सात मिनिटांनी काढली.

महिनाभर बाटलीत मुरवून उघडली. पहिला घोट चांगला, मग जीभ कोरडी पडते. कडू नव्हे, तुरट. कच्ची सुपारी चघळल्यागत. तिकडच्या मित्रांनी थेट गुळावर बोट ठेवलं. मला ते फार लागलं. आबांनी गुळात हायड्रॉस (रंग उजळवायची पावडर) कधी घातली नाही, मळी काढायला रानभेंडीचा रसच वापरतात. खरंच गुळानं असं होतं का?

रंकाळ्याकाठचा
ताई, आधी एक सांगतो. इथं करून बघू नका. 1949 च्या दारूबंदी कायद्यानं महाराष्ट्रात परवान्याशिवाय बिअर तयार करणं गुन्हा आहे, घरी प्यायला केली तरी. उत्तर जाणकार देतीलच.

गंगावेसकर, पुणे
मी इथं परवानाधारक मायक्रोब्रूअरीत काम करतो. आबांना सांगा, गुळाचा दोष नाही.

गुळातली जवळजवळ सगळी साखर यीस्ट खाऊन टाकतं. त्यानं बिअर गोड होत नाही, उलट अंगानं पातळ होते, आणि पातळ बिअरमध्ये तुरटपणा लपत नाही. गुळाचा हात एवढाच. तुरटपणा आला धान्याच्या टरफलातून. पाणी साधारण 77 अंशांच्या वर गेलं की टरफल टॅनिन (तुरट द्रव्य) सोडायला लागतं, आणि तुम्ही तर पुरचुंडी उकळलीत. शिवाय 700 ग्रॅम धान्याला 10 लिटर पाणी फार झालं. काळ्या दाण्यात आंबटपणा असतो, तो टॅनिनला आवर घालतो. एवढ्या पाण्यात तो विरून जातो.

पुढच्या वेळी 3 लिटर पाणी 70 अंशांपर्यंत तापवा, गॅस बंद करा, पुरचुंडी सोडून झाकण ठेवा. अर्ध्या तासानं उचला आणि निथळू द्या. पिळण्यावरून लोक वाद घालतात, मी पिळत नाही. मग उरलेलं पाणी घाला. पावडर घालताना गॅस बंदच असू दे, नाहीतर तळाला करपते. निम्मी पावडर सुरुवातीला आणि निम्मी शेवटच्या 15 मिनिटांत घातली तर हॉप्सचा कडूपणाही जास्त उतरतो.

ओट्स मात्र काढाच. नुसतं भिजवून त्यांच्या स्टार्चची साखर होत नाही. हवेच असतील तर 300 ग्रॅम पेल मॉल्टसोबत 67 अंशांवर तासभर ठेवावे लागतात, कारण स्टार्चची साखर करणारी एन्झाइम त्या मॉल्टमध्ये असतात. क्रिस्टलचं तसं नाही, त्याचा स्टार्च कारखान्यातच साखरेत उतरलेला असतो. गूळ 250 ग्रॅमवर आणा.

खात्री इथंच करता येईल, न आंबवता. लक्ष्मीपुरीतून साल न काढलेलं सातू आणा. रोस्टेड बार्ली म्हणजे मोड न आणता भाजलेलं सातूच. तव्यावर मंद आचेवर कॉफीच्या रंगावर भाजा, भरडा, आणि तीन पातेल्यांत भिजवा: गार पाण्यात, 68 अंशांवर, आणि उकळत. अर्ध्या तासानं गाळून चाखा.

ओतशाळेवाली
काल केलं. भाजायलाच पाऊण तास गेला, घरभर धूर. प्रत्येक पातेल्यात 50 ग्रॅम सातू. दोन पातेल्यांत 250 मिली पाणी, पण उकळत्यात मुद्दाम 700 मिली घेतलं, शेफील्डचंच प्रमाण. थर्मामीटर कामावरचा.

गार पाण्याचं मिळमिळीत, रंग मात्र आला. 68 चं कोऱ्या कॉफीसारखं, गिळल्यावरही तोंड ओलं. उकळलेल्याला तीच सुपारी, तीच कोरडी जीभ. आणि गुळाचा त्यात कणही नव्हता. मी रोज भट्टीचं तापमान दहा-दहा अंशांत पकडते, आणि तिथं गॅसवर पातेलं ठेवून नुसती उकळीची वाट बघत बसले होते.

आबांना तिन्ही दिली. तिसरं चाखून तोंड वाकडं केलं, दुसरं संपवलं. शेफील्डला जाताना गडद गूळ बांधून देणार आहेत. मी 250 ग्रॅमचा हिशेब सांगितला, तर म्हणाले, "मग वर्षाचा एकदम ने की."

दादा, जूनमध्ये घालते. बाटली उघडली की इथंच सांगते.