मदत हवी आहे: ४ ग्रे (किरणांच्या मात्रेचं एकक) डोस दिलेल्या रक्ताच्या कल्चरमध्ये मेटाफेज (विभाजनाच्या मधल्या टप्प्यातल्या, गुणसूत्रं स्पष्ट दिसणाऱ्या पेशी) मिळत नाहीत

डायसेंट्रिक, म्हणजे किरणांमुळे दोन सेंट्रोमिअर (गुणसूत्राचा आवळलेला भाग) असलेली गुणसूत्रं, मोजून डोस ओळखण्यासाठी कॅलिब्रेशन वक्र तयार करतेय. लिथियम हेपरिनमधलं रक्त, कोबाल्ट-६० चा डोस, नंतर २ तास ३७ अंशांवर. मग आरपीएमआय १६४० हे पोषक माध्यम, १५ टक्के सीरम आणि पीएचए (रक्तातल्या लिम्फोसाइट पेशींना विभाजनाला लावणारं द्रव्य). कल्चर ४८ तासांचं, शेवटचे ३ तास कोल्सेमिड (विभाजन मेटाफेजवरच थांबवणारं औषध). ० आणि १ ग्रेच्या स्लाइड सुंदर येतात. ४ ग्रेला मात्र अख्ख्या स्लाइडवर जेमतेम ८-१० मेटाफेज, आणि मला निदान १०० डायसेंट्रिक तरी हवेत.

पीएचएची नवी बाटली, दुसरा रक्तदाता, पेशी फुगवणाऱ्या हायपोटॉनिक द्रावणाची वेळ, सगळं बदलून पाहिलं. फरक नाही. डोसमुळे विभाजनच लांबतंय असं मला वाटतं. नुसतं कल्चर ६० तासांवर न्यावं, तर दुसऱ्या विभाजनातल्या पेशी मिसळून डायसेंट्रिक गळतात आणि डोस कमी दिसतो. अपघातात सापडलेल्या माणसाच्या बाबतीत ही चूक परवडणारी नाही.

फ्लुरोसन्स मायक्रोस्कोप नाही, गिम्सा रंगवून डोळ्यांनीच मोजतो.

२४ तासांनाच कोल्सेमिड घालून कल्चर पुढे लांबवलंय का कुणी? गुणसूत्रं फार आखडून सेंट्रोमिअर दिसेनासे होऊ नयेत म्हणून प्रति मिली किती घातलंत, आणि कितव्या तासाला कल्चर थांबवलंत?