सेम माप, सेम नळी, तरी दुसरी मोटर फुटली. का?

रत्नांग्रीचा पोरगा:
नमस्कार मंडळी, मी मेकॅनिकल डिप्लोमा सेकंड इयरला आहे. मित्राने आणि मी मिळून दोन छोट्या सॉलिड रॉकेट मोटरी (नळीत घट्ट इंधन भरून पेटवायचं तसल्या) केल्या, शेतात बांधापलीकडे टेस्ट घेतली. पहिली मस्त चालली, दोन-अडीच सेकंद थ्रस्ट (जोर) दिला. दुसरी आठवड्याने पेटवली, तोच माल तीच नळी, आणि पेटल्या पेटल्या धडाम! लांब होतो म्हणून वाचलो, आई अजून धड बोलत नाहीये. माप सेम तर असं का? पावसाळ्यात माल ओलसर होतो त्याने झालं का? कोणी इथे घरी बनवतं का?

जुना फिटर:
बाळा, आधी हातपाय शाबूत आहेत ना ते सांग. हे माप-बिप सोड, घोळ बहुतेक ग्रेनमध्ये आहे. ग्रेन म्हणजे नळीतला इंधनाचा घट्ट झालेला ठोकळा. तो जळतो फक्त उघड्या पृष्ठभागावर, त्यामुळे आत बारीक भेग गेली, बुडबुडा राहिला किंवा ठोकळा नळीच्या भिंतीपासून सुटला, की जळायला एकदम जास्त जागा मिळते, गॅस वाढतो, प्रेशर वाढलं की माल अजून जोरात जळतो आणि नॉझलमधून, म्हणजे मागच्या अरुंद तोंडातून, तेवढा गॅस निघेपर्यंत नळी गेलेली असते. भेग बाहेरून दिसत नाही. मोठ्या कारखान्यात ग्रेनचा एक्स-रे काढतात ते काय हौस म्हणून नाही. तुमच्याकडे काय आहे, मोबाईलची टॉर्च?

देशपांडे_डेन्व्हर:
काका बरोबर. हीच भानगड कॅलिफोर्नियातल्या कॅल्टेक संस्थेच्या रॉकेटवाल्या जॅक पार्सन्सची झाली होती. 1941 मध्ये त्यांनी विमानाला लावायच्या मोटरी केल्या, ताज्या असताना चालायच्या आणि काही दिवस ठेवल्या की फुटायच्या, कारण गरम-थंड होऊन ठोकळ्याला भेगा जायच्या. शेवटी 1942 मध्ये त्याने डांबर मिसळून लवचिक माल केला तेव्हा कुठे जमलं. तुझ्यासारखंच, आठवडाभर ठेवलेली! आणि एवढा मुरलेला माणूस 1952 मध्ये पासाडेनाला घरच्याच लॅबमध्ये स्फोटात गेला, 37 वर्षांचा.

इकडे अमेरिकेत पन्नाशीच्या दशकात पोरं पाइपात काहीबाही ठासायची आणि बोटं गमवायची. म्हणून मॉडेल रॉकेटवाल्यांनी नियमच केला की मोटर फॅक्टरीचीच घ्यायची, कागदी नळीची, म्हणजे फुटली तरी लोखंडाचे तुकडे उडणार नाहीत. व्हर्न एस्टेस म्हणून एकाने त्यासाठी मोटरी बनवायचं मशीनच बनवलं, नाव ठेवलं मेबल. हाताने एकसारखी मोटर होत नाही हे त्या लोकांना तेव्हाच कळलं होतं.

नागपूरचा वकील (हौशी):
मजा किरकिरी करतोय पण सांगतो. लायसन्सशिवाय स्फोटक बनवणं आपल्याकडे गुन्हा आहे, 1884 चा एक्स्प्लोझिव्ह्ज अ‍ॅक्ट आणि 2008 चे रूल्स. ज्या केंद्रीय खात्याकडे स्फोटकांचं हे काम आहे त्या पेसोचं मुख्यालय आमच्याच गावात. शेत आपलं असलं तरी पोलीस ऐकणार नाहीत. उरलेला माल असेल तर घरात ठेवू नकोस आणि स्वतः पेटवून संपवायलाही जाऊ नकोस, घरच्या मोठ्यांना घेऊन कॉलेजच्या सरांना विचार, पुढे काय ते रीतसर करा.

जुना फिटर:
आणि रॉकेट म्हणजे फक्त पेटवायची दारू थोडीच आहे. दोन लिटरची कोल्ड्रिंकची बाटली घे, एक तृतीयांश पाणी, सायकलच्या पंपाने हवा, 50-60 पीएसआयच्या (पंपावरचं हवेच्या दाबाचं माप) वर जाऊ नको. नॉझल, प्रेशर, न्यूटन सगळं तिथेच आहे. फिन्स (मागचे पंख) लाव, गुरुत्वमध्य पुढे आणि वाऱ्याचा दाब पडतो तो मध्यबिंदू मागे, एका बाटलीच्या जाडीएवढं तरी अंतर ठेव, नाहीतर गरगर फिरून तुझ्याच अंगावर येईल.

रत्नांग्रीचा पोरगा:
काका, हातपाय शाबूत आहेत 😅 भेगांचं आता पटलं, दुसरी मोटर टेस्टच्या आधी उन्हात पत्र्यावर पडली होती, तिथेच मेली वाटतं. सरांना उद्या गाठतो. बाटलीचं एक सांगा, बुचाला सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह बसवला की बाजूने हवा सुटते, रबरी वॉशर टाकू का?

जुना फिटर:
दोन्ही बाजूंनी टाक. आणि घासलेलं बूच घेऊ नको.