पिकोवर प्लेस्टेशन २ चा जुना कंट्रोलर चालवताना अडचण : मदत हवी आहे

नमस्कार. प्लेस्टेशन २ चा जुना कंट्रोलर यूएसबीवर वापरता यावा म्हणून मी लॅमिंग्टन रोडवरून रास्पबेरी पाय पिको हा स्वस्त बोर्ड आणला. बूटसेल बटण दाबून धरत केबल जोडली की तो पेनड्राइव्हसारखा दिसतो आणि त्यावर फाइल टाकली की प्रोग्रॅम चढतो, हे मला फार आवडले.

अडचण पुढची आहे. कंट्रोलर सर्वात खालचा बिट आधी पाठवतो आणि पिकोचे हार्डवेअर एसपीआय (चिपांमध्ये बिट एकामागून एक पाठवणारी जोडणी) मात्र वरचा बिट आधी धरते, म्हणून प्रत्येक बाइट मी उलटा करतो. (यातला हेक्स म्हणजे सोळा-आधारी पद्धतीतला ४२ हा आदेश उलटा केला तरी ४२ च राहतो, आणि त्यामुळेच सुरुवातीची चूक दोन संध्याकाळी माझ्या ध्यानात आली नाही.) आता कंट्रोलरची ओळख म्हणून ४१ (हेक्स) मिळते, परंतु मधूनमधून सगळे बाइट एफएफ (हेक्स, म्हणजे सगळे बिट १) येतात. एसपीआयच्या घड्याळाचा (क्लॉकचा) वेग २५० किलोहर्ट्झ असून पुरवठा ३.३ व्होल्टचा आहे.

कंट्रोलर डेटाची तार फक्त खाली (शून्य व्होल्टकडे) खेचतो, ती वर नेण्याचे काम सध्या पिकोच्या अंतर्गत पुल-अप रेझिस्टरवर आहे आणि तो ५० ते ८० किलोओहमचा असल्याने लांब केबलसाठी कमकुवत पडत असावा, असा माझा कयास आहे. बाहेरून १ किलोओहमचा रेझिस्टर लावावा की ४.७ चा? की आधी वेग कमी करून पाहावा? ज्यांनी हे प्रत्यक्ष केले आहे त्यांनी कृपया सांगावे.