गुरुवारी ११ ते १२ ड्रिल नको

बी-२०४ काकू: नमस्कार. ए-३०१ मध्ये फरशीचं काम चाललंय, चालू दे, आमचं काही म्हणणं नाही. पण गुरुवारी सकाळी ११ ते १२ ड्रिल लावू नका. मनूची व्हिडिओवर मुलाखत आहे. मागल्या वेळी काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे, परत उगाळत नाही.

ए-३०१: काकू, मागल्या वेळी आमचं ड्रिल नव्हतं. टाकीचं वेल्डिंग होतं. सेक्रेटरींना विचारा.

सेक्रेटरी: टाकीचं काम सर्वानुमते झालं. मिनिट्समध्ये आहे.

ए-१०२: सर्वानुमते 😄 मी तेव्हा शिमग्याला गावी होतो.

सी-००३ (कुडाळवाले): कसली मुलाखत गो वयनी?

बी-२०४ काकू: इन्व्हेस्टमेंट बँक. बीकेसीला. मासळी, खाद्यपदार्थ असल्या कंपन्यांचं काम बघायला माणूस हवाय त्यांना.

ए-२०२ (रिटायर्ड बँक): अभिनंदन. मी ३४ वर्षं बँकेत काढली. अनुभवाने सांगतो, आधी आयबीपीएसची परीक्षा द्यावी. पीओ झाली की पुढचं आपोआप होतं. पुस्तकं माझ्याकडे आहेत, घेऊन जावी.

बी-४०१ (परळ): काका, ही ती बँक नव्हे. इथे पासबुक नसतं. कंपनीला शेअर किंवा रोखे विकून पैसा उभा करून द्यायचा, नाहीतर एक कंपनी दुसरीला घेते तेव्हा मध्ये बसून किंमत ठरवायची. सेबी यांना मर्चंट बँकर म्हणते.

मास्तर सी-१०४: म्हणजे दलाल.

बी-४०१ (परळ): हो मास्तर. कोट घातलेला.

मास्तर सी-१०४: मग तसं सांगा की. कोकण रेल्वे अशीच झाली. भागभांडवलात केंद्राचे ५१ टक्के, महाराष्ट्राचे २२, कर्नाटकचे १५, गोवा आणि केरळ सहा-सहा. वरचा पैसा रोखे काढून. १९९० ला कंपनी, १९९८ ला गाडी पूर्ण मार्गावर.

सी-००३: आणि दुसरो रूळ? तो आमच्या नातवांक दिसतलो.

ए-१०२: टाकी वाहतेय. मोटर कोणी बंद करेल का?

ए-२०२: पुन्हा पाठवतो, वर गेलं. आधी आयबीपीएसची परीक्षा द्यावी. पुस्तकं माझ्याकडे आहेत.

बी-२०४ काकू: ती ऐकेल तर ना. रात्री दोनपर्यंत जागते आणि म्हणते, फिशरीज केलेलीला तिथे कोण उभं करणार? काल एकच गणित घेऊन बसलेली, घसारा, म्हणजे मशीनच्या झिजेचा कागदावर धरतात तो खर्च, १० ने वाढला तर काय होतं. मी म्हटलं आधी जेव.

ए-२०२: त्यात काय आहे? घसारा वाढला, नफा घटला, पैसा घटला.

बी-४०१ (परळ): नफा घटला, पैसा वाढला काका.

ए-२०२: मी ३४ वर्षं ताळेबंद तपासलेत.

सी-००१ कॅनिंगवाले दादा: काका, राग मानू नका, पोरगा बरोबर बोलतोय. पल्पच्या मशीनचा घसारा मी १० लाख लावला तरी ते १० लाख कोणाला मोजून देत नाही, मशीनचे पैसे कधीच दिलेत. कागदावर नफा १० ने उतरतो. कर २५ टक्के धरा, म्हणजे कर अडीच लाखांनी कमी. निव्वळ नफा साडेसात कमी, खात्यात अडीच जास्त. आमचा सीए दर वर्षी हेच समजावतो आणि मी दर वर्षी विसरतो.

बी-४०१ (परळ): आणि ताळेबंदात मशीन १० ने खाली, रोकड अडीच वर, म्हणजे त्या बाजूला साडेसात कमी. समोर भागधारकांच्या रकमेतही साडेसात कमी. हे तिला झोपेतून उठवलं तरी सांगता यायला हवं.

मास्तर सी-१०४: ताळा जुळला!

सेक्रेटरी: दादा, कर वाचतोय तर मेंटेनन्सचे तीन महिने बाकी आहेत. सहज आठवण.

सी-००१ दादा: पार्किंगची गळती काढा. त्याच दिवशी देतो. सहज आठवण.

बी-२०४ काकू: मी मनू, आईच्या फोनवरून. हे सगळं ग्रुपवर आलेलं मला आत्ता कळलं, सॉरी. परळदादा, एक विचारू? किंमत काढायच्या तीन पद्धती पाठ आहेत, तशाच कंपन्यांशी तुलना, आधी झालेले सौदे आणि डीसीएफ, म्हणजे पुढे येणाऱ्या पैशाची आजची किंमत. पण 'फायनान्समध्ये का यायचंय' म्हटलं की मी अडखळते. जे बोलते ते मलाच खोटं वाटतं.

बी-४०१ (परळ): 'लहानपणापासून आवड' एवढं म्हणू नको, ते सगळेच म्हणतात. मासळीच्या कारखान्यात दोन वर्षं होतीस ना? तिथे काय खटकलं?

बी-२०४ काकू: १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. बोटी नाहीत, पण कोल्ड स्टोरेजचं बिल आणि पगार चालूच. मे संपताना गोदाम भरलेलं आणि सगळा पैसा त्यात अडकलेला. ३१ मार्चचा ताळेबंद बघून यातलं काहीच कळत नाही. मालकांना हे सांगायचं होतं, पण आकड्यांत मांडता आलं नाही. तेव्हापासून शिकायला लागले.

बी-४०१ (परळ): हेच बोल. एक शब्द बदलू नको. मात्र पुढचा प्रश्न येणार, मग या कंपनीचं कर्ज कोणत्या महिन्याचं धरशील?

सी-००३: ह्या माका झेपाक नाय.

सी-००१ दादा: मला झेपतं. बाग घेताना हेच. मालकाच्या हातात ८० लाख, बागेवरचं २५ लाखांचं कर्ज माझ्या अंगावर, बागेच्या खात्यात पाच शिल्लक मिळाले. बाग पडली १०० ला. पण तेच कर्ज फवारणी चालू असताना जानेवारीत बघाल तर फुगलेलं, आंबा उतरून पैसे आले की जूनमध्ये निम्मं. विकणारा तुम्हाला जूनचाच कागद दाखवतो.

बी-४०१ (परळ): दादा, तुम्हीच बसा मुलाखतीला. मनू, वर्षाची सरासरी धर आणि का धरलीस ते सांग. महागड्या कोर्सच्या नादी लागू नको. अ‍ॅपेक्स फ्रोझन फूड्स २०१७ ला शेअर बाजारात आली, तेव्हाचं माहितीपत्रक (प्रॉस्पेक्टस) सेबीच्या साइटवर फुकट आहे. कोळंबीची कंपनी आहे, तुला अर्धं आधीच कळेल. धोक्यांचं प्रकरण पहिलं वाच. डीसीएफमध्ये शेवटची वाढ, म्हणजे अंदाजाची वर्षं संपल्यावर कायमची, किती धरली विचारतील, तिथे हात आखडता ठेव. कायम देशापेक्षा जोरात वाढत राहणारी कंपनी नसते.

सी-००१ दादा: हापूससुद्धा एक वर्ष देतो, एक वर्ष रुसतो.

ए-२०२: मुलांना मोठ्यांचं पटत नाही, असो. पुन्हा पाठवतो. आधी आयबीपीएसची परीक्षा द्यावी. पुस्तकं माझ्याकडे आहेत.

बी-२०४ काकू: काका, मनूच बोलतेय. संध्याकाळी येते पुस्तकं न्यायला.

ए-२०२: ये. सातनंतर. काकू घावन करणार आहे.

सेक्रेटरी: महत्त्वाचे: गुरुवारी देखभालीसाठी सकाळी १० ते २ लाइट नाही. सर्वांनी नोंद घ्यावी. 🙏

ए-३०१: मग ड्रिल तसंही बंदच. आमच्यावर आळ नको.

बी-२०४ काकू: अरे देवा. (आता मी, आई)

सी-००१ दादा: कारखान्यात पाठवा वहिनी. जनरेटर आहे, केबिन देतो. पल्पचं काम १२ नंतर चालू करतो.

सी-००३: पाठीमागे आंब्याचे डबे दिसतले. बरा वाटतला.

सेक्रेटरी: दादा, तीन महिने.

ए-१०२: टाकी अजून वाहतेय.