सुनावणीचे ठिकाण आणि लवादाची सीट

परदेशी खरेदीदाराशी करार करताना 'लवाद सिंगापूरला' (म्हणजे वाद न्यायालयाऐवजी तिथे तटस्थ लवादापुढे सोडवायचा) एवढे लिहिले की पुरे, असे काही जण म्हणतात; हे मत मला धोक्याचे वाटते. सुनावणी कुठे बसते आणि लवादाची कायदेशीर सीट, म्हणजे ज्या जागेचा लवाद-कायदा आणि न्यायालये त्या लवादाला लागू होतात ती जागा, कुठे आहे, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. लवादाचा निवाडा (निर्णय) रद्द करण्याचा अधिकार सीटच्या न्यायालयाला असतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ च्या बाल्को (भारत अ‍ॅल्युमिनियम कंपनी) खटल्याच्या निकालात हे तत्त्व स्पष्ट केले. तरीही करारात फक्त 'ठिकाण' लिहिलेले असेल तर त्यालाच सीट मानायचे का, यावर वाद होत राहिले आणि २०१९ मध्ये न्यायालयाला पुन्हा खुलासा करावा लागला.

गोव्यातल्या मुरगाव बंदरातून खनिज पाठवणाऱ्या आपल्या लोकांनी यात अधिक लक्ष घालावे असे मला मनापासून वाटते, कारण जहाजभाड्याच्या छापील करारांत लंडनला लवाद करण्याचे कलम सहसा आधीच असते आणि दराची घासाघीस करताना ते कोणी वाचत नाही. इंग्लंडच्या २०२५ च्या नव्या कायद्यानुसार, पक्षांनी स्पष्टपणे वेगळे ठरवले नसेल, तर लवादाच्या कलमालाही सीटचाच कायदा लागतो.

एक दिलासा मात्र आहे. आपल्या लवाद कायद्याच्या २०१५ च्या दुरुस्तीनंतर, सीट परदेशात असली तरी, करारात उलट काही ठरलेले नसल्यास, त्याच कायद्याच्या कलम ९ खाली आपल्या उच्च न्यायालयाकडे अंतरिम संरक्षण मागता येते. समोरच्याची मालमत्ता गोव्यात असेल, तर हा मार्ग फार मोलाचा आहे.