हँक विल्यम्सला दारूने मोठं केलं म्हणणाऱ्यांसाठी

गावकूस: हँक विल्यम्स म्हणजे अमेरिकेतल्या गावाकडच्या, ‘कंट्री’ संगीताचा गायक. कालच्या लेखात एकाने त्याच्याबद्दल लिहिलंय, ‘हँक विल्यम्स प्यायचा म्हणूनच अशी गाणी लिहू शकला.’ रात्रभर डोक्यातून जाईना. अहो, त्याला जन्मापासून मणक्याचा विकार होता. डिसेंबर १९५१ मध्ये ऑपरेशन झालं, दुखणं राहिलंच. शेवटच्या महिन्यांत त्याला क्लोरल हायड्रेट हे झोपेचं औषध लिहून देणारा टोबी मार्शल डॉक्टरच नव्हता, पदवी बोगस. ३१ डिसेंबर १९५२ ला नॉक्सव्हिलच्या हॉटेलात दुसऱ्याच डॉक्टरने मॉर्फिनचं इंजेक्शन दिलं आणि रात्री कॅडिलॅकच्या मागच्या सीटवर घालून ओहायोतल्या कँटनच्या कार्यक्रमाला रवाना केलं. गाडी चालवायला कॉलेजातला पोरगा. वेस्ट व्हर्जिनियात ओक हिलला पाहिलं तेव्हा अंग थंडगार. वय २९. यात दारूची थोरवी कुठे दिसली?

तिन्हीसांज: असहमत. ऑगस्ट १९५२ मध्ये ग्रँड ओल ऑप्रीने, म्हणजे नॅशव्हिलच्या रेडिओवरच्या कंट्री संगीताच्या कार्यक्रमाने, त्याला काढलं ते पाठदुखीमुळे नाही. कार्यक्रम ठरायचा आणि हा यायचाच नाही. मी आठ वर्षं ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवलाय. आमचा गायक असाच झिंगून यायचा. एका गणेशोत्सवात दुसऱ्या गाण्यालाच शब्द विसरला, लोकांनी खुर्च्या भिरकावल्या. माझ्या कीबोर्डच्या तीन पट्ट्या तुटल्या, बिदागी बुडाली. गायकावर हळहळायला सगळे पुढे, वादकांच्या घरात त्या महिन्याचं वाणसामान कसं आलं ते कोणी विचारत नाही.

ढोलकीवाला: वादकांचं निघालंच आहे म्हणून थोडं अवांतर. रूफस पेनचं नाव कोणीच कसं घेत नाही? ‘टी टॉट’ म्हणायचे त्याला. अलाबामात रस्त्यावर गाणारा काळा कलाकार. संगीताचं जे काही शिक्षण झालं ते त्याच्याकडेच, असं हँक स्वतः सांगायचा. पेन १९३९ मध्ये माँटगोमेरीत गरिबीत गेला. शिष्य १९६१ मध्ये कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेमच्या पहिल्या तिघांत, २०१० मध्ये पुलित्झरचं विशेष मानपत्र. गुरूला काय?

गावकूस: ढोलकीवाले, वेगळा धागा काढा. इथे मृत्यूवर बोलतोय.

ढोलकीवाला: का काढू? माझ्या वडिलांनी चाळीस वर्षं ढोलकी वाजवली. घरात अकरा कॅसेटी आहेत, प्रत्येकीवर ‘आणि साथीदार’. मी लहानपणी त्या दोन शब्दांवर बोट ठेवून आईला विचारायचो, यात बाबा कुठे आहेत? तेव्हा मला विषयांतर शिकवू नका.

तिन्हीसांज: ढोलकीवाल्यांशी शंभर टक्के सहमत. पण हँकने गुरूचं नाव लपवलं नाही, हेही लिहा की!

ढोलकीवाला: लपवलं असं मी म्हटलंय कुठे? नीट वाचा. आणि तुमच्या त्या ऑप्रीचं सांगतो. डीफर्ड बेली, काळा हार्मोनिकावादक, अगदी सुरुवातीच्या वर्षांपासून तिथला लाडका. त्यालाही १९४१ मध्ये घरी पाठवलं. तो काही झिंगून येत नव्हता. ऑप्रीने काढलं म्हणजे दोष कलाकाराचाच, हे गणित सोडा.

तिन्हीसांज: बेलीचं मान्य. हँकचं नाही.

सुमनताई: मला कंट्री संगीतातलं फार कळत नाही. माझ्या भावाला कमरेचं दुखणं होतं. बसवत नसे, निजवत नसे. रात्री दोनला स्वयंपाकघरात भिंतीला पाठ लावून उभा असायचा, हाताने ओट्याची कड घट्ट धरून. आधी गोळ्या, मग क्वार्टर. गावाने बेवडा ठरवला, मीसुद्धा दोन वर्षं राखी बांधली नाही. एमआरआय झाला तेव्हा उशीर झाला होता.

तिन्हीसांज: ताई, यावर काय बोलणार. बरं, दुखणं खरं होतं एवढं मान्य करतो. त्याच्या बायकोने, ऑड्रीने, संसारात जे सोसलं तेही खरंच होतं, ते मात्र मागे घेणार नाही.

गावकूस: घेऊ नका. पण ऑप्रीने काढल्यावर दीड महिन्यात, २३ सप्टेंबरला, याच माणसाने ‘युअर चीटिन हार्ट’ रेकॉर्ड केलं. ती पाठ घेऊन. आज रात्री ते एकदा लावा, मग पुढचं भांडू.